ठाण्यात बसून ओपन लायब्ररी वापरताना

मराठी पुस्तक फुकट वाचायला मिळेल या आशेने इंटरनेटवरची ओपन लायब्ररी उघडणाऱ्याची बहुतेक वेळा निराशाच होते. दोष आशेचा आहे. ही सेवा मुळात वाचनालय म्हणून उभी राहिलेली नाही, ती सूची आहे. जगातल्या प्रत्येक पुस्तकाला एक पान, आणि ते पान कुणालाही दुरुस्त करता यावं, एवढीच तिची मूळ कल्पना. सूची म्हणून ती उत्तम आहे. मराठीपुरतं बोलायचं तर ती अर्धवट भरलेली आहे आणि जे भरलंय तेही वेगळ्याच लिपीत.

२००७ साली इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकी डिजिटल संग्रहासाठी हिचा सांगाडा उभा केला अ‍ॅरन स्वार्ट्झने, वयाच्या विसाव्या वर्षी. त्याआधी तो चौदाव्या वर्षी संकेतस्थळांवरचा नवा मजकूर आपोआप पोचवणाऱ्या आरएसएस १.० च्या मसुद्यावर काम करून बसला होता आणि क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या योजनेच्या तांत्रिक बाजूलाही त्याचा हात लागला होता. ओपन लायब्ररी चालते ती त्याने लिहिलेल्या वेब-पाय या, पायथन संगणकभाषेतल्या चौकटीवर. ती चौकट पुढे सांभाळणाऱ्यांत आनंद चिटीपोथू हे भारतीय नाव ठळक आहे. विकीसारखी रचना असल्याने प्रत्येक पानाचा बदल-इतिहास दिसतो, चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणता येते. सगळा डेटा दर महिन्याला एकगठ्ठा उतरवून घेता येतो: पाच रकाने, टॅबने तोडलेले, शेवटच्या रकान्यात जेसन या मांडणीत पूर्ण नोंद. छोट्या वाचनालयाची संगणकीय सूची करणाऱ्याला हे फुकटचं घबाड आहे. फक्त एवढी मोठी फाइल एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका, ती अर्धवटच उघडेल. आधी भाषेच्या सांकेतिक शब्दाने गाळून घ्या, मराठीसाठी तो एम-ए-आर.

आता शोध. इथेच माणसं कंटाळून परत फिरतात. या सूचीतल्या मराठी नोंदींचा मोठा वाटा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून आलेला आहे. तिचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं गोळा करतंय आणि त्यांची नोंद ठिपके-रेघांच्या रोमन लिपीत करतंय. त्या पद्धतीत सी हे अक्षर एकटं आलं की च आणि सी-एच आलं की छ. म्हणजे चिपळूणकर सी-एचने शोधले तर सापडणार नाहीत, सी-आयने शोधायचे. आपण न उच्चारलेला ‘अ’ही तिथे लिहिलेला असतो: आपल्या सवयीने ‘कर’ म्हणजे के-ए-आर, तिथे त्यापुढे आणखी एक ए. देवनागरीत टाइप करून काही आलं नाही तर पुस्तक नाही असं समजू नका. आधी लेखकाचं आडनाव या पद्धतीने टाका, मग त्याच्या पानावरची यादी डोळ्यांनी चाळा. शीर्षकाने शोधण्यापेक्षा हे जलद होतं.

लेखकाचं पान सापडलं की पहिलं काम: संपादन उघडून पर्यायी नावांच्या रकान्यात देवनागरी नाव घाला, एका ओळीत एक. आद्याक्षरांसह आणि पूर्ण नावाने, दोन्ही. नवीन लेखक तयार करू नका. नवीन पुस्तक नोंदवताना लेखकाच्या चौकटीत दोन-तीन अक्षरं टाइप केली की खाली यादी येते. त्यातून न निवडता पुढे गेलात की दुसरा लेखक जन्माला येतो. मग एकाच माणसाची तीन पानं होतात आणि पुस्तकं तिन्हीकडे विभागली जातात. ती एकत्र करण्याचा अधिकार साध्या खात्याला नाही, ग्रंथपाल गटातल्या कुणाला तरी ते करावं लागतं.

कृती आणि आवृत्ती यांतला फरकही आधी लक्षात घ्यावा. कृती म्हणजे मूळ पुस्तक, ते एक, त्याच्या पोटात आवृत्त्या अनेक. तिसऱ्या आवृत्तीची प्रत हातात असेल तर नवी कृती नाही, नवी आवृत्ती जोडायची. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नसेल तर रकाना रिकामा सोडा, जुन्या मराठी पुस्तकांत तो नसतोच. साल मात्र जपून. मुखपृष्ठामागे ‘शके १८२०’ छापलेलं असतं आणि लोक तेच आकडे चढवतात. चैत्रापासून साधारण मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवायचे, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९. महिना दिलेला नसेल तर ७८ धरा आणि मूळ शक टिपणीच्या रकान्यात लिहून ठेवा.

उसनी पुस्तकं हा या सेवेचा सगळ्यात गाजलेला आणि आता सगळ्यात लंगडा भाग. एका वेळी दहा पुस्तकं, काही तासाभरासाठी तर काही १४ दिवसांसाठी. एका छापील प्रतीमागे एकच उसनवार हा त्यामागचा हिशेब होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात अर्काइव्हने प्रतीक्षायादीच काढून टाकली, जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, २०२३ मध्ये निकाल विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. पाच लाखांवर पुस्तकं उसनवारीतून गेली. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना यादीत पुस्तक दिसतं आणि उसनं घेण्याचं बटण नसतं, त्याचं कारण हे. इंटरनेट बिघडलेलं नसतं.

मराठी वाचायला प्रत्यक्षात उपयोगी पडतात ती अर्काइव्हवरची डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या भारतीय सरकारी प्रकल्पाची स्कॅन. ती तिथे चढवली सरकारी कागदपत्रं लोकांना खुली करण्यासाठी झटणारे अमेरिकी कार्यकर्ते कार्ल मॅलमुड यांनी. २००८ मध्ये अमेरिकी न्यायालयांची कागदपत्रं पानाला आठ सेंट न मोजता लोकांपर्यंत आणायची त्यांची हाक होती आणि स्वार्ट्झने सुमारे २७ लाख दस्तऐवज उतरवून ती मनावर घेतली. त्यात गुन्हा दाखल झाला नाही. जेस्टोर या शोधनिबंधांच्या सशुल्क संग्रहातले लेख उतरवल्याबद्दल मात्र जानेवारी २०११ मध्ये अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच, ११ जानेवारी २०१३ ला, त्याने आयुष्य संपवलं. डिजिटल लायब्ररीच्या स्कॅनांचा दर्जा यथातथाच: रोमन शीर्षकांत स्पेलिंगचे अपघात, पानं तिरकी, मधलीच गायब. उतरवण्याआधी पहिली, मधली आणि शेवटची पानं उघडून बघा. शब्द शोधताना १९६२ पूर्वीचं शुद्धलेखन आठवा. ‘काही’ टाकून ‘कांहीं’ सापडत नाही.

स्वतः स्कॅन करून चढवायचं असेल तर ३०० डीपीआय किमान, जोडाक्षरं बारीक असतील तर ४००. चढवतानाच भाषा मराठी निवडा. ती राहिली की अक्षरओळख इंग्रजी समजून चालते आणि मजकुराच्या जागी कचरा येतो.

त्याआधी हक्क तपासायचे, आणि इथे दोन कायदे लागतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मृत्यूचं वर्ष संपल्यापासून मोजून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून ते मोकळे. पण अर्काइव्ह अमेरिकेत आहे. १ जानेवारी १९९६ रोजी ज्या पुस्तकाचे हक्क भारतात शिल्लक होते, त्याला तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळतात. म्हणजे गुरुजींचं १९३५ चं पुस्तक तिथे २०३१ उजाडेपर्यंत अडकलेलं. १९४१ च्या आधी निधन पावलेल्या लेखकाच्या हयातीतल्या पुस्तकांना ही भानगड नाही, त्यांचे हक्क भारतात जुन्या, कमी मुदतीच्या नियमाने आधीच संपले होते. तलावपाळीच्या रंगायतनाला ज्यांचं नाव आहे ते गडकरी १९१९ मध्येच गेले. अत्रे मात्र १९६९ मध्ये, त्यामुळे भारतातही २०३० पर्यंत थांबायचं. मुखपृष्ठाचा हिशेब वेगळा: दीनानाथ दलालांचं चित्र असेल तर भारतातच २०३२ पर्यंत हक्क आहेत, ते पान सोडून बाकीचं चढवा.

ठाण्याच्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? १८९३ मध्ये इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्यांतले वि. ल. भावे यांच्यापासून. ते १९२६ मध्ये गेले, त्यामुळे दोन्ही कायद्यांनी त्यांचं लेखन मोकळं आहे. फक्त ‘महाराष्ट्र सारस्वत’ची प्रत हातात घेतल्यावर शीर्षकपान वाचा. शं. गो. तुळपुळे यांची पुरवणी जोडलेली आवृत्ती असेल तर पुरवणीचे हक्क तुळपुळ्यांचे, आणि ते हक्क अजून शिल्लक आहेत. तिची नोंद खुशाल करा, स्कॅन भाव्यांच्या हयातीतल्या आवृत्तीचं चढवा.