चिपळूणच्या नव्या घराची सुरक्षा: पावसाळा, गणपती, दिवाळी पार पडल्यानंतरचा अनुभव

चिपळूणला आई-बाबांसाठी नवं घर बांधलं, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. मी नोकरीनिमित्त ठाण्यात, ते दोघं तिकडे, घरामागे आंब्याची कलमं आणि त्यापलीकडे ओढा. कॅमेरे-अलार्म घेताना चौकशी भरपूर केली, पण कोकणातल्या पावसात हे सगळं कसं टिकतं ते सांगणारं कुणी भेटलं नाही. आता अख्खा पावसाळा बघून झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

बहुतेक विक्रेते पहिल्यांदा विचारतात, 'कॅमेरे किती बसवायचे?' आम्ही त्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवली. रात्री मागच्या दाराशी खडखड झाली, तर सगळ्यात आधी कुणाला कळायला हवं? मला कळून मी लगेच निघालो तरी मुंबई-गोवा रस्त्याने पाच-सहा तास जाणार. म्हणजे आधी आई-बाबा, मग शेजारचे दादा, आणि सगळ्यात शेवटी मी. हा क्रम पक्का झाला आणि निम्म्या जाहिराती आपोआप बाद झाल्या, कारण त्या सगळ्या 'जगात कुठूनही मोबाइलवर घर बघा' एवढंच सांगत होत्या.

घेतलं ते असं: वायरवरचे चार 4 मेगापिक्सेल कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, आणि वेगळा अलार्म पॅनल. पॅनलला दारं-खिडक्यांचे चुंबकी सेन्सर, मोठा भोंगा आणि सिमकार्ड. खर्च 40 हजारांच्या थोडा पुढे गेला.

घर नवं बांधत असाल तर गिलाव्याआधी वायरमनला सांगून कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागेपर्यंत रिकामा पाइप टाकून घ्या. नंतर भिंतीला झिऱ्या मारायच्या म्हणजे रंगाची वाट लागते. केबल मात्र स्वतः बघून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात गळ्यात मारतात. तार सुरीने खरवडली की आतून पांढरी दिसते. आमच्या कॅमेऱ्यांना वीजही त्याच केबलमधून जाते, त्यामुळे अस्सल तांबंच हवं. वायफायचे कॅमेरे मी मुद्दाम टाळले. त्यांतल्या बहुतेकांना विजेची वायर लागतेच, शिवाय जाड चिऱ्याच्या भिंतीतून सिग्नल रडतखडत येतो.

रेकॉर्डर सगळे जिन्याखाली बसवतात. आमचा वरच्या मजल्यावर, कपाटात आहे. 22 जुलै 2021 चा वाशिष्ठी नदीचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. इन्व्हर्टरही वरच ठेवला, आणि त्यावर कॅमेऱ्यांबरोबर राउटरही घेतला. लाइट गेल्यावर कॅमेरे चालू आणि राउटर बंद, अशी स्थिती बऱ्याच घरांत असते. आमच्याकडे चार कॅमेरे मिळून सेकंदाला साधारण 8 मेगाबिट चित्रण येतं, म्हणजे दिवसाला 86 जीबीच्या आसपास. 2 टीबीच्या डिस्कमध्ये तीन आठवडे आरामात मावतात.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. मागचं दार लाकडी आहे. मे महिन्यात सेन्सर आणि चुंबक अगदी समोरासमोर बसवले होते. पाऊस लागला, दार फुगलं, चौकटीत पूर्ण बसेना, आणि दोन तुकड्यांमधली फट वाढली. पॅनलला वाटायचं दार उघडलं. मध्यरात्री भोंगा वाजायचा, बाबा टॉर्च घेऊन जायचे तर कडी नीट लावलेली. आईला त्या दिवसांत झोप नव्हती. ज्याने बसवून दिलं तो विक्रेता 'पाऊस ओसरल्यावर बघू' म्हणाला आणि फोन उचलेनासा झाला. शेवटी गावातल्या सुताराने दाराची कड तासून दिली, सेन्सरखाली लाकडी पट्टी ठोकली. तेव्हापासून खोटा भोंगा नाही. कोकणात लाकडी दार असेल तर जास्त फट चालणारा सेन्सरच मागा.

कॅमेऱ्यांना त्रास कोळ्यांचा. रात्री काचेभोवती अदृश्य प्रकाशाचे दिवे लागतात, तिथे किडे येतात, किड्यांमागे कोळी. काचेसमोर जाळं झालं की रात्री पूर्ण पडदा पांढरा. एका कॅमेऱ्याच्या टोपीखाली कुंभारमाशीने मातीचं घरटं केलं होतं. बाबा आता दर रविवारी लांब काठीला कुंचा बांधून सगळे कॅमेरे पुसतात. दिवसा वानरं गच्चीवर उड्या मारतात आणि मोबाइलवर सूचनांचा पाऊस पडतो. हालचालीऐवजी फक्त माणूस ओळखल्यावर सूचना, असं सेटिंग केल्यावर ते बरंच थांबलं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते सिमकार्ड. ऑगस्टमध्ये झाड पडून ब्रॉडबँडची तार तुटली, पुढचे काही दिवस माझ्या मोबाइलवर घर दिसत नव्हतं. त्याच काळात एका रात्री मागची खिडकी वाऱ्याने उघडली. भोंगा झाला, पॅनलने दादांना फोन लावला, आणि ते छत्री घेऊन आमच्या पोर्चमध्ये उभे राहिल्यावर मग मला फोन आला. निघालं काहीच नाही. पण आई त्यानंतर निर्धास्त झोपायला लागली, आणि माझ्यासाठी या सगळ्या खर्चाचं मोल तेवढंच आहे. पॅनल पोलिसांना थेट फोन लावत नाही, तो मीच लावू दिला नाही. आधी माणसाने बघायचं, गरज वाटली तर 112.

बोटाच्या ठशाचं कुलूप घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, निदान बागेत काम करणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तरी. बाबांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात, हात ओला असला तर कुलूप अजिबात ओळखत नाही. आम्ही आकड्यांचं आणि जोडीला चावीचं घेतलं.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. 2016 साली 'मिराय' नावाच्या प्रोग्रॅमने कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच राहिलेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. आणखी एक, आमच्या मागच्या कॅमेऱ्यात शेजारच्या काकूंची न्हाणी येत होती. तेवढा भाग काळा झाकून घेतला आणि त्यांना घरी बोलावून पडद्यावर दाखवला. हे प्रत्येकाने करायलाच हवं, शेजाऱ्याने विचारायची वाट न बघता.

आता मे महिन्याच्या वळवाआधी गच्चीवरच्या केबलला विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवायचा आहे आणि अर्थिंग पुन्हा तपासून घ्यायचंय. ऑक्टोबरच्या विजांमध्ये शेजारच्या आळीत दोन घरांचे रेकॉर्डर जळाले, आमचा वाचला. कुणी चिपळूण-खेड भागात हे काम चांगलं केलं असेल तर वायरमन सुचवा.