मी चौकशी केली होती, तरीही फसले

पैसे बुडाल्याचं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "अगं, आधी चौकशी नाही केलीस?" केली होती. चांगली दोन आठवडे केली होती. म्हणूनच हे लिहिते आहे. फसवणुकीचे इशारे मीही वाचत होते, पण ते डोळे झाकून पैसे टाकणाऱ्यांसाठी आहेत, अशी माझी समजूत होती.

गुंतवणुकीचं ते ॲप एका जुन्या सहकाऱ्याने दाखवलं. माणूस सरळ, कधी कुणाचा पैसा न बुडवलेला. त्याला दोनदा नफा मिळाला होता, बँकेत जमा झालेला त्याने दाखवला. तो खोटं बोलत नव्हता, हे मी आजही ठामपणे सांगेन. 1920 मध्ये बॉस्टनला चार्ल्स पॉन्झीने 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं आमिष दाखवलं, तेव्हाही आधी आलेल्यांना पैसे मिळालेच होते, मागून येणाऱ्यांच्या खिशातून. सांगणारा प्रामाणिक असला तरी योजना खोटी असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी थोडी रक्कम टाकली आणि चार दिवसांनी काढून पाहिली. दहा मिनिटांत खात्यात आली, वर नफाही. मला वाटलं, झाली परीक्षा. पण ती परीक्षा त्यांनीच मांडून ठेवलेली होती. छोटी रक्कम सोडायची, म्हणजे मोठी आपण होऊन येते.

पुढे मला पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञाच्या 1960 मधल्या प्रयोगाबद्दल कळलं. त्याने लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. आपणही तीन आकडे सुचवायचे, तो 'बसतात' किंवा 'बसत नाहीत' एवढंच सांगणार. बरेच जण 'दोन-दोनने वाढतात' असं मनाशी धरून 8, 10, 12 असेच आकडे विचारत राहिले. उत्तर दर वेळी 'बसतात'. नियम मात्र फक्त 'चढता क्रम' एवढाच होता. 5, 17, 40 विचारलं असतं तर तेही बसले असते आणि मनातला अंदाज तिथेच मोडला असता.

माझी सगळी चौकशी 8, 10, 12 चीच होती. नफा मिळालेल्यांशी बोलले. चांगले अभिप्राय वाचले. नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिलं, तेही त्यांनीच पाठवलेल्या फोटोत. नियामकाच्या यादीत जाऊन नाव शोधलं नाही. मोठी रक्कम काढताना कुणाची अडकली का, हे तर विचारलंच नाही, कारण 'हो' ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग मोठी रक्कम टाकली. रोज रात्री ॲप उघडून आकडा बघायचे. तो एकदाही खाली आला नाही, आणि मला त्याचा आनंद व्हायचा! पॉन्झीसारखीच योजना अमेरिकेत चालवणाऱ्या बर्नार्ड मेडॉफच्या अशाच संशयास्पद सरळ चढत्या नफ्याकडे हॅरी मार्कोपोलोस हे आर्थिक विश्लेषक 2000 पासून अमेरिकी नियामकाचं लक्ष वेधत होते. मेडॉफला अटक झाली 2008 मध्ये. लोक सहज भुलतात कसे, याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्टीफन ग्रीनस्पॅन यांचेही पैसे त्यात गेले. तेव्हा 'मी शिकलेली आहे' याचा आधार कुणी घेऊ नये.

पैसे काढायला गेले तर निरोप आला: आधी कर भरा, मग रक्कम सुटेल. मी लिहिलं, "माझ्या शिल्लकेतूनच कापून घ्या." उत्तर आलं, "नियमात बसत नाही." मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पैसे खरोखर तिथे असते तर त्यातून कापायला काय अडचण होती? तरीही मी कर भरला. आधी गेलेलं वाचवायच्या धडपडीत आणखी गेलं. त्यानंतर 'पडताळणी शुल्क' मागितलं, तेव्हा थांबले. बँकेला कळवलं, पोलिसांत तक्रार दिली. सहकाऱ्याला फोन केला. त्याचेही अडकले होते आणि माझ्याशी बोलताना त्याचा आवाज फुटत नव्हता.

तीन आठवड्यांनी एका अनोळखी माणसाचा फोन आला. तुमचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त आगाऊ फी भरा. बोलणं अदबीचं, माझी रक्कमसुद्धा त्याला अचूक माहीत. फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते, हे तोवर मला कळलं होतं. मी म्हटलं, "मिळालेल्या पैशातूनच तुमची फी कापून घ्या."

त्याने फोन ठेवला.