बाटलीतला माज आणि पोत्यातलं मीठ: हरणाच्या आमिषात नवशिक्या धनुर्धाऱ्याला कसं गंडवतात

बंदूकवाल्याला हरीण शंभर यार्डांवर उभं राहिलं तरी चालतं. धनुर्धाऱ्याला ते वीस यार्डांच्या आत, आडवं आणि बेसावध हवं असतं. या ऐंशी यार्डांच्या फरकावर अमेरिकेत एक अख्खा बाजार उभा आहे: बाटल्या, विटा, पुड्या, बियाणं, 'हरणं लागलेली' जमीन. परवाना आणि प्रशिक्षणाचा दाखला नुकताच हातात पडलेला माणूस या बाजाराचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक. टेक्सस, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला हा नाद लागला असेल, तर पहिल्या हंगामाचे पैसे कुठे जातात ते आधी बघून घ्या. (भारतात यातलं काहीही चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा असली बाटली मागवून गावाकडच्या रानात शिंपडायचे उद्योग कुणी करू नयेत.)

सगळ्यात उघड लूट छोट्या बाटलीत असते. एक-दोन औंसांची बाटली, वर शिंगं पसरलेला नर, खाली 'माजावरच्या मादीचं शंभर टक्के शुद्ध मूत्र'. किंमत साधारण दहा ते वीस डॉलर. आता कॅलेंडर समोर ठेवा. उत्तरेकडच्या राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आगेमागे माजावर येतात. दिवस लहान होत जातो त्यावर हे ठरतं, थंडीच्या लाटेवर नाही. मादी नराला जवळ करते ती जेमतेम एक दिवस, फार तर दोन. गाभण राहिली नाही तर साधारण २८ दिवसांनी पुन्हा. मग सप्टेंबरात दुकानाच्या फळीवर बसलेल्या बाटलीत माजाचं मूत्र आलं कुठून? एक तर ते गेल्या हिवाळ्याचं आहे, नाही तर त्या मादीला संप्रेरकं टोचली होती, नाही तर ते माजाचं नाहीच. यातलं खरं काय हे तपासायला गिऱ्हाइकाकडे काहीही साधन नसतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

हे मूत्र गोळा होतं बंदिस्त हरणांच्या फार्मवर. माद्या जाळीच्या फरशीवर उभ्या, खाली ट्रे. त्यात लेंड्यांचा अंश, लाळ, केस सगळं उतरतं. मग अनेक माद्यांचं एकत्र करून, गाळून, टिकाऊपणासाठी रसायन घालून भरतात. मूत्रातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करून टाकतात, त्यामुळे जुनं मूत्र गायीचं असो, माणसाचं असो की हरणाचं, झाकण उघडल्यावर नाकात तोच भपकारा. शिवाय जॉर्जिया विद्यापीठातल्या अभ्यासात असं दिसलं की मादी माजावर आल्याची खूण नराला मूत्रापेक्षा तिच्या योनिस्रावातून मिळते. म्हणजे मूत्र ताजं आणि अस्सल असलं तरी बाटलीवरचा दावा लंगडाच. हरीण बाटलीला कधीच येत नाही असं मात्र नाही. दीड वर्षाचा उंडगा नर नव्या वासाला हुंगायला येतो, आणि तो एक व्हिडिओ मग वर्षभर जाहिरातीत फिरतो.

वीस डॉलर गेले, विषय संपला, असंही नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला आणि आज तीसहून अधिक राज्यांत पोचला आहे. त्याचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) लाळ, लेंड्या आणि मूत्रातून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून व्हर्जिनियाने २०१५ पासून शिकारीत नैसर्गिक हरिणमूत्र जवळ बाळगायला आणि वापरायला बंदी केली. व्हरमाँट आणि अलास्कातही मनाई आहे. इतर काही राज्यांत ठरावीक भागांपुरती आहे. ऑनलाइन दुकान पार्सल धाडताना हे बघेलच असं नाही. वॉर्डनच्या (शिकारीचे नियम राखणाऱ्या अधिकाऱ्याच्या) हाती सापडतो तो खिशात बाटली असलेला माणूस. 'कृत्रिम' असं लेबलवर स्पष्ट छापलेलं नसेल तर ते नैसर्गिकच समजा.

दुसरा सापळा मिठाचा. रंगीत पिशवी, पाच पौंडांची, किंमत वीस डॉलरच्या घरात, नाव काहीतरी राक्षसी. पुढची बाजू विसरा, पिशवी उलटी करा. पशुखाद्याच्या नियमांमुळे मागे घटकांचा हमी तक्ता छापावा लागतो. त्यात 'मीठ किमान ९० टक्के, कमाल ९५ टक्के' असं काही दिसलं की समजायचं, उरलेल्या मूठभरात रंग, सफरचंदाचा वास आणि चिमूटभर खनिजं. शेतकऱ्यांच्या फीड स्टोअरमध्ये गुरांच्या खडेमिठाचं ५० पौंडांचं पोतं त्याच पैशांत किंवा त्याहून कमीत येतं. खरं खनिज मिश्रण असेल तर तक्त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस ठळक आकड्यांत दिसतात, साधारण दोनास एक या प्रमाणात, आणि मीठ बरंच खाली असतं. तक्ताच नसेल, नुसती 'गुप्त पाककृती' असेल, तर पिशवी परत फळीवर ठेवा. दुसरा एक प्रकार भाताच्या कोंड्याचा: कोंडा, मीठ, गोड वास, झालं आमिष. तोच कोंडा गुरांचं खाद्य म्हणून कितीतरी स्वस्त पडतो.

पण खरी चलाखी वेळेत आहे. हरणाला मिठाची ओढ लागते ती वसंतात आणि उन्हाळ्यात. कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. त्यात माद्या दूध पाजत असतात आणि नरांची शिंगं वाढत असतात. जूनमध्ये मिठाची चाटण वीट ठेवली तर रानात लावलेल्या कॅमेऱ्यात रोज गर्दी दिसते. सप्टेंबर उलटला की ओढ ओसरते, चाटण ओस पडतं. नवशिका नेमका तेव्हा, हंगामाच्या तोंडावर, खरेदीला निघतो. जाहिरातीतले फोटो जूनचे, विक्री ऑक्टोबरची. हरीण येत नाही, तेव्हा दुकानदार 'याहून स्ट्राँग' पुडी काढतो. 'शिंगं वाढवणारं' म्हणून जे ऑक्टोबरात विकतात त्याचं तर नवलच करावं. शिंगांची वाढ ऑगस्टअखेर संपते, सप्टेंबरच्या सुरुवातीला वरची मखमल गळते, आणि त्या वर्षापुरतं ते काम तिथेच बंद होतं.

मिठाची कायद्याची बाजू आणखी वाईट. इलिनॉयमध्ये शुद्ध पाणी सोडून हरणाच्या पोटात जाईल असं जे काही ओढ लावायला ठेवाल ते आमिषच धरतात, त्यात मीठ आणि खनिजंही आली. ते उचलल्यावरही १० दिवस ती जागा 'आमिषाची' राहते. पेनसिल्व्हेनियात हा काळ ३० दिवसांचा. वीट उचलून नेली तरी पावसाने मीठ जमिनीत मुरलेलं असतं आणि हरणं ती माती उकरून चाटत राहतात, म्हणून नुसती वीट उचलणं पुरत नाही. पाकिटावर 'सर्व राज्यांत वैध' असं छापलेलं असतं, त्याला काडीची किंमत नाही. त्या वर्षीचं राज्याचं नियमपुस्तक उघडून 'आमिष' या शब्दाची व्याख्या वाचायची. टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर मक्याचा फीडर (दाणे टाकणारं यंत्र) सर्रास चालतो, न्यू जर्सीत आमिषाला मुभा आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तेच केलंत तर परवान्यावर गदा येऊ शकते.

मक्याबद्दल दोनच गोष्टी. 'डिअर कॉर्न' म्हणून ४० किंवा ५० पौंडांच्या पोत्यात कधी बुरशी लागलेला, इतरत्र न खपलेला माल येतो. अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) दर अब्ज भागांत २० भागांपेक्षा कमी असल्याचं पोत्यावर छापलेलं असेल तरच घ्या. रानातल्या टर्की आणि क्वेल पक्ष्यांना तर ते फारच घातक. आणि उत्तरेच्या कडक हिवाळ्यात, काड्या-डहाळ्यांवर दिवस काढणाऱ्या हरणांपुढे एकदम मक्याचा ढीग ओतायचा नाही. कोठीपोटात आम्लता वाढून ती दोन-तीन दिवसांत मरतात, पोट भरलेलं असताना.

हरणांसाठी पेरायच्या चारा-पट्टीच्या बियाणात फसवणूक जरा शहाण्यासारखी होते, कारण तिथे खोटं काहीच लिहिलेलं नसतं. '१० पौंड, अर्धा एकर, नांगरणी नको' असं पोतं साठ डॉलरला आहे समजा. १९३९ च्या फेडरल सीड ॲक्टमुळे पोत्याला टॅग असतो. त्यावर वाचा: बियाण्यावरचं लेपण आणि काडीकचरा मिळून ३४ टक्के, वार्षिक रायग्रास (गवत) ४० टक्के, पांढरा क्लोव्हर (शेंगवर्गीय चारा) १५ टक्के, बाकी किरकोळ. क्लोव्हरची उगवणक्षमता ८५ टक्के. आता गुणाकार करा. दहा पौंडांत क्लोव्हर दीड पौंड, त्यातलं उगवणारं जेमतेम सव्वा पौंड. एकरी ८ पौंडांच्या हिशेबाने अर्ध्या एकराला चार पौंड हवेत. उरलेली हिरवळ रायग्रासची. ते कुठेही उगवतं म्हणून पोतं 'यशस्वी' ठरतं, पण हरणाच्या आवडीत ते खालच्या पायरीवर, आणि एकदा बी पडलं की पुढे काढता काढता नाकी नऊ येतात. उगवण चाचणीची तारीख जुनी असेल तर ८५ टक्क्यांवरही विश्वास नको. आधी काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयातून माती परीक्षण करून घ्यावं. सामू (pH) सहाच्या खाली असेल तर बियाण्याआधी चुन्याचा खर्च आहे, आणि ते कुठल्याच रंगीत पोत्यावर लिहिलेलं नसतं. साधी पट्टी हवी असेल तर ओट किंवा हिवाळी गहू एकरी शंभर पौंड, हंगामाच्या सहा-आठ आठवडे आधी, पावसाचा अंदाज बघून, माती खरवडून.

मोठी रक्कम बुडते ती मात्र जमिनीच्या भाडेपट्ट्यात. जाहिरात अशी: 'चाळीस एकर, फीडरवर रोज मोठे नर, गेल्या आठवड्याचे फोटो, आजच आगाऊ भरा, दुसरा माणूस तयार आहे.' फोटो नीट बघा. ट्रेल कॅमेऱ्याच्या खालच्या पट्टीत तारीख, तापमान, बऱ्याचदा चंद्राची कलाही असते. ती कला त्या तारखेशी पंचांगात जुळवून पाहता येते. पट्टी कापलेली असेल तर का कापली ते विचारा. 'नोव्हेंबर'च्या फोटोत शिंगांवर मखमल, अंगावर तांबूस कातडं किंवा पाडसावर पांढरे ठिपके दिसले तर तो उन्हाळ्याचा आहे. नोव्हेंबरात अंग करडं-तपकिरी होतं. मागची झाडंही बोलतात: पेनसिल्व्हेनियाची म्हणून सांगितलेल्या जमिनीवर मेस्किटची झुडपं असतील तर फोटो टेक्ससकडचा. मग काउंटीच्या मालमत्ता नोंदीत त्या तुकड्याचा मालक शोधा, ते फुकट आणि ऑनलाइन असतं, आणि पैसे मागणारा तोच आहे का ते बघा. जमीन डोळ्यांनी पाहून, मालकाची सही असलेला करार हातात आल्याशिवाय छदाम देऊ नका. गिफ्ट कार्डाने किंवा 'झेल' (Zelle) या पैसे पाठवायच्या सेवेने पैसे मागणाऱ्याशी तर बोलणंच तोडा.

हे सगळं न घेता हरीण वीस यार्डांत आणायचं कसं, तर त्याला लागतं फार थोडं. ऑक्टोबरात पांढऱ्या ओकचं झाड शोधा. त्याची फळं लाल ओकपेक्षा कमी तुरट, हरणं ती आधी संपवतात. ताजी टरफलं आणि लेंड्या दिसल्या की जागा ठरली. वाटेच्या कडेला, जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर झुकलेली एक डहाळी निवडा. नसेल तर दुसरी तोडून बांधा, किंवा तागाचा जाड दोर टोक उसवून लोंबता सोडा. खाली दोन-तीन फुटांचं वर्तुळ पालापाचोळा काढून काळ्या मातीपर्यंत खरवडा. रबरी बूट आणि हातमोजे घालून, आणि त्यात काहीही न ओतता. नर त्या डहाळीला कपाळ आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतात आणि पुढची हरणं तीच हुंगतात. अशा जागांवरच्या बहुतेक भेटी रात्री होतात, म्हणून मचाण त्या वर्तुळावर नको, तिथे येणाऱ्या वाटेवर, पंधरा-वीस यार्डांवर. वारा हरणाच्या वाटेकडून तुमच्याकडे किंवा आडवा यायला हवा. वारा कुठे वाहतो ते दाखवणारी पावडरची पिचकारी जवळ ठेवा. सकाळी ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी खाली उतरते. एकच मचाण दोन्ही वेळा चालेल असं धरू नका. आणि जमिनीवरून पाय उचलल्यापासून हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा पट्टा) दोराला अडकवलेला हवा.

पैसे आधीच गेले असतील तर पिशवी, टॅग, पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. क्रेडिट कार्डाच्या वादासाठी ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवावं लागतं. 'बाटली फुकट, फक्त टपालखर्च' म्हणून कार्ड नंबर दिला असेल तर आधी दर महिन्याची वसुली थांबवा, मग भांडा. ऑनलाइन ठकसेनांची तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे जाते. लेबलावर एक आणि आत दुसरंच निघालं तर राज्याच्या कृषी खात्यातला पशुखाद्य आणि बियाणं नियंत्रण विभाग ते बघतो. तिथे न फोडलेलं पोतं आणि त्याचा टॅग दाखवता आला तर तक्रारीला वजन येतं, म्हणून दोन पोती घेतली असतील तर एक तसंच ठेवा.