शब्दकोश घ्यायचाय? आधी 'रन' उघडून बघा

शेजारच्या काकूंच्या मुलीला शब्दकोश घ्यायचाय. इंग्रजी–मराठी की इंग्रजी–इंग्रजी, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे दोन्ही आहेत. किंमत, शब्दसंख्या दुकानदार सांगेलच. मी फक्त 'रन' काढून बघतो.

इंग्रजी–मराठीचं काम झटपट. धावणे, पळणे, वाहणे, चालणे, चालवणे. ठाण्याला गाडी पकडली की मुलुंड यायच्या आत बघून होतं. 'नोज इज रनिंग' म्हणजे नाक गळतंय, हे कळायला इंग्रजी व्याख्या कशाला हवी? कधी तर दोन्ही भाषा बरोबरीने पळतात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली, ती मराठीतही 'धावली'च.

माझं घोडं अडलं ते 'चालवणे'पाशी. वागळे इस्टेटमध्ये मुलाखत होती. काम फिरतीचं, म्हणून साहेबांनी विचारलं, दुचाकी येते का? मी ऐटीत म्हणालो, "येस सर, आय कॅन रन अ स्कूटर." साहेब हसून म्हणाले, "पगार ठरायच्या आधीच?" मीही हसलो, कळलं काहीच नाही. पुढे इंग्रजी–इंग्रजी कोश घेतला तेव्हा उलगडा झाला: गाडी 'रन' करणं म्हणजे ती बाळगणं, पेट्रोल-दुरुस्तीचा खर्च पेलणं. स्कूटर 'राइड' करायची, मोटार 'ड्राइव्ह', दुकान मात्र 'रन'च. मराठीत तिन्ही आपण चालवतोच! स्वल्पविराम देऊन मांडलेल्या माझ्या त्या यादीत कुठलं 'चालवणे' कुठे, याचा पत्ताच नव्हता.

इंग्रजी–इंग्रजीत बहुतेक अर्थांखाली वाक्य असतं. ऑक्सफर्डचा, हॉर्न्बी यांनी सुरू केलेला कोश तर मुळात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच, त्यामुळे व्याख्याही सोप्या. त्रास एकच, हवा तो अर्थ सापडेपर्यंत बोट दुखतं. ऑक्सफर्डच्याच मोठ्या कोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत म्हणे, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

मुलीचं इंग्रजी अगदीच कच्चं असेल तर पहिले काही महिने मराठीवालाच बरा, असं मी काकूंना सांगितलं. पण एकच घ्यायचा तर दुसरा घ्या, आणि सोबत पेन्सिल. माझ्या प्रतीत 'रन'च्या समासात लिहिलंय: दूध संपणे, नाक गळणे, धुताना रंग जाणे. 'स्कूटर'वर फुली आहे.