वीप: जलनियोजनाच्या विद्यार्थ्यासाठी, काही महिन्यांच्या वापरानंतर

जलव्यवस्थापन आणि धोरण या विषयात पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्याने पहिलं मॉडेल म्हणून स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटचं वीप (WEAP, नदीखोऱ्यातल्या पाण्याच्या वाटपाचा हिशेब मांडणारं सॉफ्टवेअर) शिकावं, असं वापरानंतर ठामपणे सांगते. इथे ‘पिण्याला प्राधान्य’ एवढं लिहून भागत नाही, त्याचा आकडा द्यावा लागतो.

हा आकडा १ ते ९९. १ म्हणजे सगळ्यांत आधी. नवं मागणीस्थळ (शहर, शेती असा पाणी वापरणारा घटक) टाकलं की त्याला आपोआप १ मिळतो आणि घोळ तिथेच होतो. समजा, नदीत महिन्याला ६० एकक पाणी आहे; शहराला २० हवं, शेतीला १००. परतीचं पाणी, म्हणजे वापरानंतर नदीत परत येणारं, तूर्त सोडून द्या. दोघंही १ वर राहिले तर तूट सारख्या टक्क्यांनी वाटली जाते: शहराला १०, शेतीला ५०. शेती २ वर नेली की शहराला पूर्ण २० आणि शेतीला उरलेलं ४०. नदीसाठी राखायचा किमान प्रवाहही याच रांगेत असतो. त्याचा नंबर बदलला की प्रबंधाचा निष्कर्ष बदलू शकतो, म्हणून प्रत्येक नंबरामागचं कारण नोट्समध्ये लिहाच.

धरणाचा साठा-पातळी वक्र (किती साठ्याला पाण्याची पातळी किती, हा आलेख) भरला नाही तर बाष्पीभवन वजाच होत नाही आणि धरण उगाच भरलेलं दिसतं. बाष्पीभवनाच्या रकान्यात बाष्पीभवनातून पाऊस वजा करून आकडा द्यायचा. भर पावसाच्या महिन्यात तो ऋण आला तर घाबरू नका.

एककं जपा. माणशी रोज १०० लिटर म्हणजे वर्षाला ३६.५ घनमीटर; ५०,००० वस्तीला १८.२५ लाख घनमीटर. वर्षाच्या मागणीच्या मासिक वाटणीची बेरीज १०० टक्के यायला हवी.

मर्यादाही आहेत. वरून सोडलेलं पाणी त्याच कालपायरीत (हिशेबाच्या एका टप्प्यात, उदा. एका महिन्यात) खाली पोहोचतं असं हे मॉडेल धरतं, त्यामुळे मासिक पायरीवर पुराचा अभ्यास करू नये. भूजल एखाद्या टाकीसारखं धरलं जातं. विहिरींची पातळी हवी असेल तर मॉडफ्लो हे भूजलाचं वेगळं मॉडेल जोडावं लागतं. चालतं विंडोजवर, आणि परवान्याशिवाय काम सेव्ह होत नाही, तेव्हा परवान्याचा अर्ज आधी करा.

‘करंट अकाउंट्स’साठी, म्हणजे मॉडेलच्या पायाभूत वर्षासाठी, मोजणीची पूर्ण आकडेवारी असलेलंच वर्ष निवडा. त्या वर्षाचा प्रवाह मोजणी-केंद्राच्या नोंदींशी जुळल्याशिवाय एकही सिनॅरिओ (‘असं झालं तर’ची पुढची शक्यता) उघडू नका.