बचत गटाचं कर्ज की मायक्रोफायनान्सचं?

जूनमध्ये बियाणं-खताला पैसा लागतो, कापसाचा पैसा मात्र दिवाळीनंतर. कर्ज निवडताना आधी ही तफावत बघा.

मायक्रोफायनान्स, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचं कर्ज लवकर मिळतं. बायकांचा छोटा गट जमवायचा, आधार आणि बँक पासबुक द्यायचं, घरतपासणी झाली की पैसे खात्यात. तारण नाही. पण हप्ता पुढच्याच महिन्यापासून, म्हणजे निंदणीच्या मजुरीसोबतच. एकीचा चुकला की बाकीच्यांनी भरायचा. शेजारणींची भांडणं इथूनच सुरू होतात.

बचत गटाला धीर लागतो. किमान सहा महिने बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे नियमित हवेत, मग बँक दारात उभं करते. प्रस्ताव बहुतेकदा अडतो तो अर्धवट लिहिलेल्या वहीपायी. उमेदमधल्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) पात्र महिला गटांना तीन लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज मिळतं. गट सभासदाला थोड्या जास्त दराने देतो, पण वरचं व्याज गटातच राहतं.

समजा ₹४०,०००, २४ मासिक हप्ते, व्याज घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुदलावर: कंपनीच्या २४ टक्क्यांनी हप्ता सुमारे ₹२,११५, व्याज ₹१०,७५०. गटाला बँक देते त्या ७ टक्क्यांनी हप्ता ₹१,७९०, व्याज तीन हजारांच्या आत. ‘सपाट १२ टक्के’, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुदलावर व्याज, ऐकून भुलू नका. तो घटत्या शिलकीवर २१-२२ च्या घरात जातो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार घरातले सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. अर्जावर उत्पन्न फुगवून लिहिलं की ही मर्यादा कामाची राहत नाही. लिहिलेला आकडा वाचूनच सही करा.