आरोग्य-लॉकर ॲप: शिक्का पक्का, पण कागद आधी बरोबर हवा

माझ्या धाकट्या भावाच्या मेडिक्लेमसोबत विमा कंपनीने एक आरोग्य-लॉकर ॲप दिलं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘ब्लॉकचेन-सुरक्षित’. भाऊ भायखळ्याला राहतो, त्याचा मोबाईल बहुतेक वेळ माझ्या भाचीच्या हातात असतो आणि घरातले दवाखान्याचे कागद सांभाळायला माझ्याकडे येतात. मी महापालिकेच्या रुग्णालयात रेकॉर्ड रूमला नोकरी केली. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर भिजलेले इनडोअर पेपर (दाखल रुग्णांचे कागद) आम्ही पंख्याखाली पसरून वाळवले होते. काहींवरची शाई वाचताच येईना. त्यामुळे कागद हरवणार नाही, मागाहून कुणाला त्यात फेरफार करता येणार नाही, असं कुणी म्हटलं की मी नीट ऐकून घेते.

ॲपचा खरा कस भावाच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी लागला. डिस्चार्ज कार्डावर हिस्ट्रीत लिहून आलं, ‘मधुमेह ८ वर्षांपासून’. खरं तर ८ महिन्यांपासून. पॉलिसी चालू होती तिसऱ्या वर्षात. म्हणजे ती एक ओळ खरी धरली, तर भावाने पॉलिसी घेताना आजार लपवला असा अर्थ निघतो. २०२४ च्या विमा नियमांनी आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळण्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणली. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. भावाच्या या दोन्ही मुदती अजून पुऱ्या व्हायच्या होत्या. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी पडली.

ॲपमध्ये ते कार्ड रुग्णालयातून थेट आलेलं होतं आणि शेजारी हिरवी खूण: ‘पडताळलेले’. चुकीच्या ओळीसकट पडताळलेलं.

हे का होतं ते समजून घ्यायला हवं. फाईलवरून गणिताने एक ठसा काढतात. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. हा ठसा वेळेसकट साखळीत, म्हणजे ब्लॉकचेनमध्ये जातो, प्रत्येक नव्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा गुंफलेला असतो आणि साखळीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. म्हणून जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही. पण वॉर्डात लिहितानाच महिन्यांची वर्षं झाली, तर ते साखळीला कळायला काहीच मार्ग नाही.

रुग्णालयाने दुरुस्तीचं पत्र दिलं. ते ॲपमध्ये नवी आवृत्ती म्हणून चढलं, जुनं कार्डही दिसत राहिलं. भाची वैतागली, मला मात्र हे पटलं. आमच्या रेकॉर्ड रूममध्येही चूक एका रेघेने खोडायची, वर सही-तारीख घालायची. व्हाइटनर चालायचा नाही. टीपीएचा प्रश्नही रास्त होता: क्वेरीनंतर आलेली दुरुस्ती आम्ही का मानायची?

इथे ॲपने आपली किंमत वसूल करून दिली. पॉलिसी घेतानाच्या तपासणीत भावाचं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.४, म्हणजे नॉर्मल होतं. तो रिपोर्ट लॅबने थेट लॉकरमध्ये पाठवलेला आणि त्याच दिवशी त्यावर ठसा उमटलेला. मधुमेह पहिल्यांदा सापडला तो ७.१ चा रिपोर्टही तसाच, ॲडमिशनच्या ८ महिने आधीचा. हे दोन्ही रिपोर्ट क्वेरी पडल्यावर तयार केलेले असणं शक्यच नव्हतं. क्लेम पास झाला. आपण घरी स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफलाही ठसा मिळतो, पण ही फाईल त्या तारखेला अस्तित्वात होती एवढंच तो सांगतो. मजकूर खरा की खोटा, ते नाही. टीपीएने धरले ते लॅबकडून आलेलेच रिपोर्ट.

वेळ मात्र या ॲपने वाचवला नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत यायला हवी. फाईल वॉर्डातून बिलिंगला आणि तिथून टीपीए डेस्कला जाईपर्यंत ब्लॉकचेनचा काही संबंधच येत नाही.

एस्टोनियात सरकारी नोंदींसाठी २०१२ पासून ही पद्धत वापरात आहे, पुढे आरोग्याच्या नोंदींसाठीही आली. तिथेही आजारपणाचे कागद साखळीवर ठेवत नाहीत, ठसेच ठेवतात. आपली फाईल कुणी उघडली हे तिथल्या नागरिकाला बघता येतं. आमच्या ॲपमध्ये ‘कोणी पाहिलं’ असा रकाना आहे, पण त्यात नुसतं संस्थेचं नाव येतं. कुठल्या माणसाने, कशासाठी उघडलं, हे कळायलाच हवं. एड्सच्या, मानसिक आजाराच्या, गर्भपाताच्या फाइली मी हाताळल्या आहेत. त्या कुणाच्या हाती पडल्या तर घरं मोडतात.

सगळ्यात वाईट गोष्ट किल्लीची. पिन विसरला तर १२ इंग्रजी शब्द ओळीने टाकायचे, नाहीतर लॉकर कायमचं बंद. वारसाला उघडण्याची सोय नाही, मराठी नाही. आयसीयूतल्या माणसाला १२ शब्द कोण विचारणार? आम्ही ते वहीत लिहून कपाटात ठेवलेत, म्हणजे सुरक्षा पुन्हा कपाटाच्या कुलपावर आली. खातं बंद केलं तर कागद सर्व्हरवरून पुसले जातात, ठसा साखळीत राहतो, असं अटींत लिहिलंय. ठशावरून मजकूर परत काढता येत नाही, तेव्हा २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने दिलेल्या पुसून टाकण्याच्या हक्काला हा मार्ग मला ठीक वाटतो.

पॉलिसीसोबत फुकट मिळत असेल तर घ्या. पुढच्या वर्षापासून कंपनी त्याचे वेगळे पैसे घेणार आहे. तेवढ्यासाठी मी भरणार नाही. आभा हा १४ अंकी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर सरकारकडून मोफत मिळतो. त्यात कागद ज्या त्या रुग्णालयातच राहतात, कुणाला, कुठल्या तारखांचे आणि किती काळ दाखवायचे याची संमती आपण द्यायची आणि ती मागेही घेता येते. भावाच्या लॅबला आम्ही आता रिपोर्ट आभाला जोडायला सांगितलंय. आणि घरातलं कुणी ॲडमिट असेल तर डिस्चार्ज कार्डावर सही व्हायच्या आधी हिस्ट्रीची ओळ वाचून घ्या. महिने आणि वर्षं तर बघाच.